सुई उघडं दाखवते तेव्हा

"इंजिनियरबाई?" फोनमधल्या आवाजाने विचारलं आणि निर्वा भर रस्त्यात जागच्या जागी थबकली. बेया व्हिस्ताच्या त्या कोपऱ्यावर सकाळी नवालाच डांबर मऊ पडलं होतं. सिग्नल बंद होता म्हणून चारी बाजूंच्या गाड्या एकमेकींच्या अंगावर येत होत्या. तिच्या काखेत शेजारच्या एर्मेलिंदाच्या फ्रिजचं जळकं सर्किट कार्ड वर्तमानपत्रात गुंडाळलेलं होतं, आणि मागून येणारा एक जाडा माणूस तिच्यावर आदळून "काय बाई, झोपायला घर नाही का?" म्हणत पुढे गेला. एरवी तिने त्याला तिथल्या तिथे सुनावलं असतं, माराकाइबोत टोमण्याचं उत्तर उद्यावर ठेवायची पद्धत नाही. पण आत्ता तो तिला दिसलासुद्धा नाही. बावीस वर्षांत तिला या नावाने कोणी हाक मारली नव्हती. गल्लीत ती फ्रिजवाली निर्वा होती. लाईट जायची, तासन्‌तास यायची नाही, आणि यायची तेव्हा असा झटका देऊन यायची की निम्म्या गल्लीच्या फ्रिजांची कार्डं जळायची. मग लोक ती कार्डं फडक्यात बांधून तिच्या दारात आणायचे. खोटं कशाला बोला, त्या झटक्यांवरच तिचं घर चालत होतं.

"बोलतेय," ती म्हणाली, आणि आपला आवाज बदललाय हे तिचं तिलाच कळलं.

तो म्हणाला, मी योर्विन, तेल कंपनीतून बोलतोय, सरोवरातल्या सहा नंबरच्या गॅस प्लांटवरून. प्लांट अकरा वर्षं बंद होता, आता वरून हुकूम आलाय की चालू करा. टर्बाइन दुरुस्त झालंय, केबली चोरीला गेल्या होत्या त्या नव्या ओढल्या आहेत, पण सुरू कसं करायचं ते कोणालाच माहीत नाही. वह्या नाहीत, पुस्तकं भिजून गेली, जे माहीतगार होते ते कोण कोलंबियात, कोण चिलीत, कोण देवाघरी. एक नकाशा सापडला, त्याच्या कोपऱ्यात तुमची सही आहे. "आणि नंबर?" तिने विचारलं. तो हसला. पोरगेलं हसू होतं. "कंट्रोल रूममधल्या कपाटाच्या दाराला आतून पेनाने लिहिलाय. 'अडलं तर निर्वा', आणि खाली नंबर. म्हटलं लावून तर बघू." तिला ते अक्षर कोणाचं ते लगेच कळलं, म्हाताऱ्या ऑपरेटरचं, रात्रपाळीच्या भल्या माणसाचं, जो तीन वर्षांपूर्वी औषधावाचून गेला. तिने फोन दुसऱ्या कानाला लावला. मग योर्विनने नुसतं एवढंच विचारलं की बाई, तुम्हाला क्रम आठवतो का हो, आणि निर्वाचं धरण फुटलं.

तिथेच, भाजलेल्या केळ्यांच्या गाडीशेजारी, एक कान बोटाने बंद करून तिने त्याला सगळं सांगितलं. आधी वंगणाचा पंप, तेल कोमट होईपर्यंत हात लावायचा नाही दुसऱ्या कशाला. मग नळ्यांमधली हवा काढायची. मग छोट्या वाटेने गॅस आत घ्यायचा, हळूहळू, घाई केली तर सील जातं. मग परतीचा मोठा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा. मग टर्बाइनला फिरकी, मग ठिणगी, मग मिनिटाला तीन हजार फेऱ्यांवर दहा मिनिटं नुसतं फिरू द्यायचं, त्याला अंग गरम करू द्यायचं, मग चढवायचं. आकडे तिच्या तोंडून आपोआप बाहेर पडत होते, कोणत्या टप्प्याला किती दाब, कोणत्या बेअरिंगला किती ताप. पोरांचे वाढदिवस ती विसरली होती पण हे विसरली नव्हती. केळीवाला पातेलं ढवळायचं सोडून तिच्याकडे बघत राहिला. "लिहून घेतलंस ना बाळा?" "घेतलं, बाई. बाई, तुम्ही या इथे. उद्या सकाळी सहाला गाडी पाठवतो. मी इंचार्जशी बोलतो, कर्नलसाहेबांशी, कागद आजच करून घेतो. तुमच्यासारखं माणूस..." "सहाला," ती म्हणाली. फोन बंद झाला तरी कानाशीच होता.

मग ती चालत सुटली. बसची वाट बघणं तिच्याने झालंच नसतं. ऊन टाळूवर होतं आणि तिला ते लागत नव्हतं, ती तिशीतल्या बाईसारखी झपाझप चालली होती आणि मध्येच आपण हसतोय हे ध्यानात आलं की ओठ मिटून घेत होती. बावीस वर्षं हिने स्वतःला काय काय समजावलं होतं! की ते गेलं ते गेलं, की लोखंडच होतं ते, की माणसाने लोखंडावर जीव लावू नये. सीरोला, आपल्या नवऱ्याला, तिने शपथेवर सांगितलं होतं की मला आता त्या सरोवराकडे बघावंसंही वाटत नाही. आणि एका पोराने 'इंजिनियरबाई' म्हटलं मात्र, सगळं समजावणं पायपुसण्यासारखं बाहेर फेकलं गेलं. तिला पहिली सकाळ आठवली, सत्ताविसाव्या वर्षीची, लाँचच्या टोकाला हेल्मेट मांडीवर धरून बसलेली ती, तोंडावर खारट तुषार, आणि पाण्यातून उगवलेला तो पिवळा सांगाडा जवळ जवळ येत होता. आणि आधी आवाज नाही, आधी पायाखाली थरथर. लाँचच्या फळ्यांमधून ती थरथर तळव्यात चढली होती. ऑपरेटर तिच्याकडे बघून आपसांत हसले होते, ही काय व्हॉल्व्ह फिरवणार, हिच्या मनगटापेक्षा दांडा जाड आहे. सहा महिन्यांनी तेच लोक काही बिघडलं की आधी हिला उठवायचे. तेव्हा या शहरात सगळं सोपं होतं. पेट्रोल पाण्यापेक्षा स्वस्त, म्हणून लोक गाडीचं इंजिन चालू ठेवून हवापाण्याच्या गप्पा मारत. खोल्या इतक्या गार की भर उन्हाळ्यात सीरो स्वेटर घालून पेपर तपासायचा. तेल जमिनीतून येतंच राहणार, जसा उद्या येतो तसं, अशी सगळ्यांची खात्री होती. आपण कोणाच्या जिवावर गार बसलोय हे विचारायची गरज कोणाला वाटली नाही. तिलाही नाही. हे ती आता कबूल करायची, पण मनातल्या मनात.

गल्लीत शिरल्याबरोबर तिने एर्मेलिंदाला हाक मारली आणि कार्ड दाखवायच्या ऐवजी बातमी सांगितली, आणि एर्मेलिंदाला सांगणं म्हणजे चर्चच्या घंटेला सांगणं. दहा मिनिटांत अर्धी गल्ली दारात. "आम्हाला ठाऊकच होतं, तुझ्यावाचून त्यांचं पान हलायचं नाही." "गॅस आला तर वीजघर चालेल, नाही का गं? लाईट जाणार नाही मग?" "मग हिने खायचं काय, कार्डं जळली नाहीत तर?" हसणं झालं. निर्वाने सगळ्यांसाठी मांदोका तळल्या. मक्याच्या पिठाची, पिकल्या केळ्याची वेटोळी कढईत फुगत होती, चीज कडेने बाहेर येत होतं, आणि ती झारा हातात धरून सांगत होती की उद्या सहाला गाडी येतेय. सीरो दारात उभा होता, चष्मा कपाळावर. तीस वर्षं पोरांना इतिहास शिकवलेला माणूस. कोणाचंही सुख त्याला तपासल्याशिवाय पास करता येत नसे.

"बूट कुठले घालणार?" त्याने विचारलं.

"होतील कुठले तरी."

"तुझे बूट मी दोन हजार सतराला कोबीवर दिले. एका कोबीवर. आणि तो किडका निघाला."

"मग चपला घालून जाईन."

"जा. त्यांनी तुला हाकललं तेव्हाही चपलाच होत्या."

बायका हसल्या आणि निर्वाही हसली. पण ते खरं होतं. बावीस वर्षांपूर्वीचा तेल कंपनीतला संप त्रेसष्ट दिवस चालला होता. आपण देश वाचवतोय असं तिला तेव्हा अगदी मनापासून वाटलं होतं. राष्ट्राध्यक्षाने कंपनीच्या माथ्यावर आपली माणसं बसवली, कामाचं कळणारी काढून टाळ्या वाजवणारी आणली, आणि संप नाही केला तर उद्या देशच तसा होईल असं ते सगळे बोलत होते. संप केला आणि देश तसाच झाला. रोज सकाळी पेपरात यादी यायची, नुसती नावं आणि ओळखपत्राचे आकडे, पानंच्या पानं. माणसं बेकरीत उभ्या उभ्या ती पानं बोटाने चाळायची. तिचं नाव एका गुरुवारी आलं. ती कॉफी घ्यायला गेली होती, पायात घरच्या चपला, आणि बेकरीवाल्याने कॉफीचा पेला तिच्यापुढे ठेवून नुसतं म्हटलं, "आज माझ्याकडून." मग कंपनीचं घर गेलं, कंपनीची शाळा गेली, कंपनीच्या दवाखान्याच्या फाटकावर पहारेकऱ्याने तिला ओळखून ओळख दाखवली नाही. पुढच्या वर्षी राष्ट्राध्यक्षाविरुद्ध सार्वमत घ्या म्हणून लोकांनी सह्या केल्या, तिनेही केली, आणि त्या सह्यांचीही यादी निघाली. त्यानंतर कुठेही नोकरीला जा, समोरची मुलगी छान हसायची, ओळखपत्राचा आकडा पडद्यावर टाकायची, आणि तिचं हसू जिथल्या तिथे थांबायचं. कोणी ओरडलं नाही, कोणी मारलं नाही. "कळवतो आम्ही," एवढंच. देश कसा हातातून गेला असं तिच्या पोरी आता चिलीहून विचारतात तेव्हा तिला त्या थांबलेल्या हसण्याखेरीज सांगण्यासारखं काही सापडत नाही. रणगाडे नव्हते रस्त्यात. नुसती मुलगी पडद्याकडे बघत होती.

पण आज तिला ते काही टोचत नव्हतं. गल्ली पांगली, सीरो टाकीतलं पाणी बघायला परसात गेला, आणि ती कामाच्या मेजावर बसली. एर्मेलिंदाच्या कार्डावरचा जळका भाग खरवडताना ती गुणगुणत होती. कामगारांचं एखादं जुनं, नोव्हेंबरात जत्रेला म्हणायचं गाणं असावं, शब्द तिला येत नव्हते. उद्या लाँचवर आपण पुढे बसायचं की मागे हेही तिने ठरवून टाकलं होतं. मनात ती सकाळचा क्रम पुन्हा म्हणत होती, या वेळी जिभेवर घोळवत, चव घेत. वंगण, हवा, छोटी वाट, परतीचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा, आणि कार्डावरची एक बारकी तार चिमट्यात असताना तिचा हात थांबला. परतीचा व्हॉल्व्ह. सुई.

ते असं होतं. टर्बाइन फिरायला लागायच्या आधी एक मोठा व्हॉल्व्ह सताड उघडा लागतो, म्हणजे दाबलेल्या गॅसला पुढे वाट नसली तरी मागे परतता येतं. तो बंद राहिला तर गॅस अडकतो, उलटा येतो, आणि ते अख्खं यंत्र धडका द्यायला लागतं. धडक, सुटका, धडक. चार-पाच धडकांत सील फुटतं आणि मग गॅस आणि गरम लोखंड एकाच खोलीत. नव्व्याण्णव साली त्या व्हॉल्व्हची उघडं-बंद दाखवणारी पेटी बदलली तेव्हा फिटरने ती उलटी बसवली. व्हॉल्व्ह चालायचा उत्तम, पण तबकडीवरची सुई 'उघडा' दाखवायची तेव्हा तो बंद असायचा, आणि 'बंद' दाखवायची तेव्हा उघडा. दुरुस्तीला दोन दिवस प्लांट थांबवावा लागला असता. कोण थांबवणार? निर्णय तिचा होता. पुढच्या मोठ्या दुरुस्तीत करू, ती म्हणाली, आणि पेटीवर लाल रंगाने मोठ्ठं लिहून घेतलं, उलट. त्या हवेत रंग टिकत नाही, दर वर्षी पुन्हा मारायचा. नव्या माणसाला पहिल्या दिवशी ती सुई दाखवायची, तो चमकला की सगळे हसायचे, मग तो पाठ करायचा. आपल्याकडे चूक दुरुस्त करत नाहीत, पाठ करतात, असं तो म्हातारा ऑपरेटर म्हणायचा. मोठी दुरुस्ती दोन हजार तीनच्या जानेवारीत ठरली होती. त्या जानेवारीत ते सगळे रस्त्यावर झेंडे घेऊन उभे होते.

आणि आज सकाळी आपण त्या पोराला काय सांगितलं? 'पूर्ण उघडा.' त्याने सुई बघून ठेवला असेल उघडा. अकरा वर्षांत त्या पेटीवर रंगाचा ठिपकाही उरला नसेल.

तिची पहिली भावना भीतीची नव्हती, आणि ही गोष्ट तिला पुढे फार दिवस खात राहिली. पहिली भावना आनंदाची होती. छातीत काहीतरी उसळलं. माझ्याकडे अजून काहीतरी आहे! सकाळी सगळं बडबडून बसले तरी एक गोष्ट माझ्याकडे राहिली, आणि ती दुसऱ्या कोणाकडे नाही, साऱ्या जगात नाही. सीरो बादली घेऊन आत आला तेव्हा तिने त्याला सांगितलं, आणि तो तिथेच बादलीवर बसला.

"हे सांगू नकोस," तो म्हणाला. "उद्या गाडी येऊ दे. कागदावर सही होऊ दे. मग सांग."

"उद्याच सुरू करणार आहेत ते. मी असेन तेव्हा."

"मग झालं तर. आयुष्यात एकदा तरी पत्ता छातीशी धरून खेळ, निर्वा. सगळी पानं उघडी टाकून खेळतेस आणि मग म्हणतेस हरले."

तिने चिमटा उचलला, तार लावली, डाग दिला, आणि तीस-पस्तीस मिनिटं तरी ती गोष्ट तिने खरोखर छातीशी धरून ठेवली, आणि ती गोड लागली. उद्या लाँचवरून उतरायचं, सगळे भोवती, कर्नलही, आणि आपण सहज म्हणायचं, थांबा हं, त्या सुईवर विश्वास ठेवू नका. सगळ्यांची तोंडं बघायची. तिने ते वाक्य दोन-तीन प्रकारे म्हणूनही बघितलं.

फोन तीनला आला. योर्विनचा आवाज सकाळचा नव्हता. तो हळू बोलत होता, आडोशाला उभं राहून बोलावं तसा. "बाई, नाही जमलं."

"काय नाही जमलं?"

"तुमचा आकडा टाकला त्यांनी. दोन्ही याद्यांत आलात." तो थांबला. "मी म्हटलं कर्नलसाहेबांना, जुनी गोष्ट आहे, बाईंचं वय झालंय. ते म्हणाले, त्यांना आत घेतलं तर माझा आकडा उद्या कोणीतरी टाकेल. मला माफ करा."

माफ करा. बावीस वर्षांत हेही तिला पहिल्यांदाच कोणी म्हटलं होतं, आणि तेही ज्याने काही केलं नाही त्याने. संपाच्या वेळी हा चार वर्षांचा असेल. अर्ध्या दिवसाचा तो सगळा आनंद आत होता तसाच होता, नुसता फिरला. ती इतकी चिडली की तिला हलकं वाटलं. "मग चालवा तुम्ही तुमचं," ती म्हणाली. "कर्नलला येत असेल की सगळं."

"बाई, उद्या राजधानीतून जनरल येतायत, त्यांना चालू दाखवायचंय, म्हणून आजच—"

तिने फोन ठेवून दिला. ठेवला आणि मग शेवटचे शब्द तिच्यापर्यंत पोचले. आजच.

तिने परत लावला, लागला नाही. पडद्यावर एकही रेघ नव्हती. लाईट गेली होती, आणि लाईट गेली की टॉवर जातो, हे गल्लीतलं शेंबडं पोरही जाणतं. सिग्नल मिळायचाच तर गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या मागे, तोही पूर्वेकडे तोंड केलं तर. ती जिना चढली ती एका वेळी दोन पायऱ्या, अठ्ठावन्नाव्या वर्षी, आणि खालून सीरो विचारत होता, "आता काय, आता कुठे?" गच्चीवर पत्रे तापून कडकडत होते. टाकीला पाठ लावून तिने फोन हात वर करून धरला. एक रेघ. लावला. गेली. लांब, दोन चर्चांच्या मधल्या फटीतून सरोवर चमकत होतं आणि त्याच्यावर काही दिसत नव्हतं, सहा नंबर इथून दिसतच नाही, तरी ती डोळे ताणून बघत होती. किती पोरं असतील आत? सुरू करताना आठ लागतात. यांच्याकडे सवय नाही, म्हणजे बाराजण तरी असतील बघे धरून. योर्विन त्या पेटीपासून चार हातांवर उभा असेल, कारण तिथेच उभं राहायचं असतं, मीच सांगितलं सकाळी. तिला स्वतःच्या आवाजाचा, त्या केळ्याच्या गाडीशेजारच्या लाडिक, फुशारलेल्या आवाजाचा असा राग आला की तिने टाकीवर मूठ मारली. पुन्हा लावला. पत्ता छातीशी धरून ठेव म्हणे. अर्धा तास! पुन्हा. यांना काय मोठं सुनावणार होतीस, निर्वा? त्यांची सुई उलटी, यादी उलटी, सगळं खरंच. पण ही एक सुई तुझी आहे. पुन्हा. खाली एर्मेलिंदा रस्त्यावरून विचारत होती, "काय गं, फोटो काढतेस का?" पुन्हा. अकराव्या का बाराव्या वेळी पलीकडे वाजलं, आणि तिने चिनीतेचं, माराकाइबोच्या त्या सावळ्या मेरीमातेचं नाव घेतलं, जिला ती वर्षानुवर्षं काही मागत नव्हती.

उचललं. मागे पंपाचा आवाज होता, वंगणाचा, तिने ओळखला. आणि त्याच्यावर दुसरा एक बारीक, वर चढत जाणारा, फिरकीची तयारी.

"योर्विन, थांबव. तो मोठा व्हॉल्व्ह—"

"हो मावशी," तो मोठ्याने म्हणाला. "बोल मावशी. कामात आहे मी."

तिला एका क्षणात कळलं. शेजारी कोणीतरी उभं आहे. "ऐक नुसतं. त्या व्हॉल्व्हची सुई उलटी आहे. उघडं दाखवते तेव्हा तो बंद असतो. तू उघडा ठेवलायस ना? तो बंद आहे. सुई 'बंद'वर आण. कळलं?"

पंप चालला होता. "नक्की ना, मावशी?" आवाज कोरडा पडला होता.

"मीच ठेवलंय ते तसं. जा."

"बरं. ठेवतो." पण त्याने फोन ठेवला नाही. कापडाची खरखर झाली, आवाज एकदम जाड झाले; फोन खिशात गेला होता, चालू. जाळीवर बूट धावले. कोणीतरी ओरडलं, "ए, कुठे निघालास?" "एकदा शेवटचं बघून येतो, कर्नलसाहेब!" मग चाकाचा करकर आवाज, हाताने फिरवत होता, अकरा वर्षांचा गंज, आणि निर्वाने गच्चीवर त्याच्याबरोबर श्वास धरला. तिचे खांदे त्याच्याबरोबर वळत होते. सव्वीस फेरे लागतात. ती मोजत होती. एकोणिसाव्याला करकर थांबली, कोणीतरी जोराने सुस्कारा टाकला, पुन्हा सुरू झाली. सव्वीस. मग बूट परत. मग हुकूम. मग फिरकी, तो लांबलचक चढता सूर, आणि त्याच्या मधोमध ठिणगीचा धप्प आवाज, बोथट, नेमका. सूर चढत चढत गेला आणि एका जागी स्थिर झाला. तीन हजार. आता धडक आली तर इथे येईल. तिने डोळे मिटले. एक. दोन. तीन. काही आलं नाही. नुसता तो आवाज, भरलेला, गोल, खिशाच्या कापडातून, पाणी ओलांडून, तिच्या कानशिलाशी. तिला पायाखाली थरथर भासली, आणि ती भास आहे हे ठाऊक असून तिने चपला काढून तापल्या गच्चीवर अनवाणी पाय टेकले. टाळ्या ऐकू आल्या. पोरं ओरडत होती, शिट्ट्या मारत होती. ती मोजायचा प्रयत्न करत होती, किती आवाज आहेत, आणि ते मोजण्याइतके कमी नव्हते.

"शाबास," एक जड आवाज म्हणाला, जवळून. "त्या व्हॉल्व्हचं तुला कसं कळलं रे?"

"पुस्तकात होतं, कर्नलसाहेब."

"आणि फोन कोणाचा होता एवढा?"

"मावशीचा. बरी नाहीये ती."

"मावश्यांना सांगायचं, ड्युटीवर फोन करू नका." हसले सगळे. योर्विनही हसला, त्याचं हसू तिला सकाळपासून माहीत होतं. मग रेघ गेली आणि फोन मेला.

सीरो धापा टाकत वर आला तेव्हा ती टाकीला टेकून खाली बसली होती, पाय लांब करून, चेहरा घामाने आणि आणखी कशाकशाने ओला, आणि हसत होती. त्याने तिच्याकडे बघितलं, फोनकडे बघितलं, आणि विचारायची गरज उरली नाही. तरी विचारलं. "घेतलं का तुला?"

"नाही."

"सांगितलंस?"

"सांगितलं."

तो तिच्या शेजारी बसला. चष्मा काढून त्याची काडी चावू लागला. "उद्या जनरल येईल," तो म्हणाला. "बटण दाबेल. टीव्हीवर रात्रंदिवस तेच. बघा, आमच्या राजवटीत सरोवर पुन्हा जिवंत झालं. आणि तो गॅस, ते तेल विकून आणखी वीस वर्षं आपल्या डोक्यावर बसतील, निर्वा. तुझ्या जिवावर." त्याच्या आवाजात राग नव्हता, त्याला ते नुसतं खरं वाटत होतं, आणि तिलाही. तिला त्यातला एक शब्दही खोडता येईना.

"तिथे पोरं होती, सीरो."

"हो. पोरं होती." तो मान हलवत राहिला. "पण मग हसतेस कशाला?"

तिने ओठ मिटून बघितले. जमेना. कानात तो आवाज अजून भरलेला होता, आणि ज्यांनी तिचं घर नेलं, नाव नेलं, त्यांचं यंत्र चालू झाल्याचा तो आनंद होता हे तिला लख्ख कळत होतं. तिला त्याची मेल्याहून मेल्यासारखी लाज वाटली. "काय चाललंय रे, सीरो," ती म्हणाली, "काय सुरेख चाललंय ते."